आबांची गाडी आउटरला

जळगावात मेहरूणच्या बाजूला आम्ही भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी घरमालकासमोर माझे सगळे गुन्हे कबूल करून टाकले. त्यांनी काहीही विचारलेलं नसताना.

झालं असं. रविवारची सकाळ होती. मी खुर्चीवर चढून भिंतीत खिळा ठोकत होतो, आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही ही तर त्यांची पहिली अट. पाठीमागे कुणीतरी आहे असं वाटलं म्हणून वळलो, तर दारात घरमालक, आबा. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, पापणी लवत नाही. मी म्हटलं, "या ना आबा." ते आले नाहीत. म्हटलं, "बसा ना." बसले नाहीत, गेलेही नाहीत. नुसते माझ्याकडे बघत उभे.

मी खुर्चीवरून उतरलो. "आबा, हा एकच खिळा. कॅलेंडरसाठी."

आबा गप्प.

"म्हणजे आत अजून एक आहे. आरशासाठी."

तरी गप्प. मग मला राहवेना. आम्ही चोरून विजेची शेगडी वापरतो ते सांगितलं. साडू चार दिवसांसाठी येणार म्हटलं होतं, तो खरं म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत राहणार आहे, तेही सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून तोंडावर बोट ठेवून खुणा करत होती, पण माझं इंजिन एकदा उताराला लागलं की थांबत नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ओठ जेमतेम हलवत बारीक आवाजात म्हणाले, "भाऊ, मी काही इचाराले येल नही. मना पाय अडकेल शे. जरा थांब, सुटस आपोआप."

आणि खरोखरच जरा वेळाने पाय सुटला. तुरुतुरु बारीक पावलं टाकत ते आत आले, पेपर उचलला (त्यासाठीच आले होते) आणि परत निघाले. जाता जाता म्हणाले, "शेगडीचं मात्र समजलं ते बरं झालं."

हे ते विनोदाने म्हणाले की रागाने, हे मला पुढे दोन वर्षं कळलं नाही. आबांचा हाच घोटाळा होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता, आणि त्या दुखण्याने त्यांचा चेहरा असा गोठवून टाकला होता की हसताना, रागावताना आणि लसणीची फोडणी हुंगताना तो सारखाच दिसे. आतला माणूस मात्र जसाच्या तसा होता. तो त्या दगडी चेहऱ्याच्या आडून मजा बघत असायचा.

आबा रेल्वेतून रिटायर झालेले. रुळांची देखभाल हे त्यांचं काम, आणि उमेदीची बरीच वर्षं चाळीसगाव–धुळे फाट्यावर गेलेली. रोज रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून चालत जायचं, हातोड्याने टणटण वाजवून रूळ तपासायचा. नोकरी संपली तरी हातोडा संपला नव्हता. नवा भाडेकरू आला की त्याची पलंगाची चौकट, पाण्याचा माठ, एवढंच काय आमच्या टीव्हीचं खोकंसुद्धा ते बोटाच्या पेराने वाजवून बघत आणि "चालेल" किंवा "लक्ष ठेवा" असा निकाल देत. माझ्या साडूच्या पाठीवर त्यांनी एकदा असंच वाजवलं आणि "लक्ष ठेवा" म्हणाले.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. माझं गाव जामनेर, म्हणून मी जामनेर. बायको चोपड्याची, म्हणून ती चोपडा. पाचोऱ्याहून जामनेरला तेव्हा छोटी गाडी जायची, बैलगाडीशी शर्यत लावून हरणारी. त्यावरून माझी रोज हजेरी घेतली जाई. मी ऑफिसला उशिरा निघालो की ओट्यावरून आवाज यायचा, "नॅरो गेज निघाली का?" बायकोबद्दल मात्र आदर होता. "चोपड्याला रूळच नाहीत," म्हणायचे, "म्हणून तिथली माणसं पायाची खंबीर."

स्वतःच्या दुखण्यावरही ते याच भाषेत बोलत. दारात, वळणावर, मोरीच्या तोंडाशी त्यांचे पाय एकदम जमिनीला चिकटायचे. आपण घाबरून धावलो तर म्हणायचे, "काही नाही. गाडी आउटरला उभी आहे. सिग्नल मिळाला की येते." उजव्या हाताचा अंगठा आणि बोट सारखी एकमेकांवर फिरत असत, तंबाखू मळल्यासारखी. एका पाहुण्याने खरंच चिमूट मागितली. आबा म्हणाले, "तंबाखू डॉक्टरने बंद केली. मळणं तेवढं ठेवलंय."

घरात ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी धुळ्याला दिलेली. ती तिथे शाळेत शिकवायची. आम्ही तिला ताई म्हणायचो. स्वयंपाकाला एक मावशी येत. बाकी सगळं आबा स्वतः करत, आणि त्या 'स्वतः'ला किती वेळ लागायचा ते विचारू नका. सदऱ्याची बटणं लावायला बसले की माझी अंघोळ, नाश्ता, आणि बायकोशी एक छोटं भांडण उरकायचं. मदत मात्र करायची नाही. हात धरलेला तर अजिबात चालत नसे. मी एकदा दारात अडकलेल्या आबांना मागून हलकेच पुढे लोटलं. तोल जाता जाता त्यांनी चौकट पकडली आणि म्हणाले, "जामनेर, धक्का एस.टी.ला मारतात. रेल्वेला नाही."

त्यांच्या खोलीपासून मोरी आणि संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. मधलं अंगण मातीचं, सारवलेलं, सपाट, गुळगुळीत. त्या सपाट अंगणातच होळीच्या सुमारास एका दुपारी ते पडले. पाय चिकटले, धड पुढे गेलं. बायकोने धावत जाऊन उचललं. कपाळाला खोक पडली होती. ती म्हणाली, "आबा, हाक का नाही मारली?" तर म्हणाले, "मारली होती. आवाज निघाला नाही."

त्या दिवशी विनोद केला नाही त्यांनी. ओट्यावर भिंतीला टेकून बसले आणि कपाळाची पट्टी चाचपत राहिले.

ताई दुसऱ्या दिवशी आली. आली ती रडतच. तिचंही काय चुकलं? शाळा, घर, सासू अंथरुणावर, आणि इकडे बाप एकटा. शिपाई फोन आलाय म्हणून वर्गात बोलवायला आला की ताई खडू टाकून धावत सुटायची. ती म्हणाली, "आबा, आता बास. मी तुम्हाला घेऊन जाणार."

"धुळ्याले?" आबा म्हणाले.

"मग कुठे? तिथे काय कमी आहे?"

"तठे रूळ संपस. मी सोता पाहेल शे. पुढे नुसती भिंत. तठून गाडी फक्त उलटी फिरस."

"आबा, थट्टा नको!"

थट्टा नव्हती ती. ताई डॉक्टरांकडे गेल्यावर आबा मला म्हणाले, आणि आता अगदी शुद्ध बोलत होते, साहेबाला रिपोर्ट द्यावा तसे, "ती सकाळी शाळेत जाईल. जावईबापू ऑफिसात. जाताना मला खुर्चीत बसवतील, संध्याकाळी येऊन उचलतील. सगळे चांगलेच आहेत हो. पण पार्सल ऑफिसात ठेवलेलं पार्सल बघितलंय ना तुम्ही? त्यावर नाव असतं, पत्ता असतो. ते स्वतःहून कुठे जात नाही, एवढंच."

शेवटी बापलेकीत तोड निघाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ताई नेहमीप्रमाणे माहेरी येईल. तेव्हा आबा आपल्या खोलीतून मोरीपर्यंत कुणाचा हात न धरता, न पडता गेले तर ती पुन्हा धुळ्याचं नाव काढणार नाही. नाही गेले, तर परतीच्या गाडीत आबा.

आबा म्हणाले, "ठीक. इन्स्पेक्शन."

मग सुरू झाले माझे उपाय. मी कुठूनतरी ऐकलं होतं की तालावर पाय उचलतात, म्हणून टाळ्या वाजवत 'एक दोन, एक दोन' म्हटलं. आबा ताल ऐकत उभे. मग मला वाटलं, रेल्वेचा माणूस आहे, रेल्वेच्याच भाषेत सांगावं. बायकोच्या जुन्या परकराचा हिरवा तुकडा काठीला बांधला, शिट्टी आणली, आणि अंगणात त्यांच्यासमोर उभं राहून जोरात शिट्टी फुंकत झेंडा हलवला. गल्लीतली पोरं भिंतीवर चढली. आबा जिथे होते तिथेच. म्हणाले, "जामनेर, गार्ड गाडीच्या मागे असतो. पुढे उभा राहिला तर गाडी कशी जाईल?"

म्हणून मागे गेलो. मागूनही गेली नाही.

चैत्र निम्मा सरला. आमच्याकडे बायकांचं त्या दिवसांत दुसरं काही चालत नाही, वाळवणं चालतात. हिने आणि शेजारच्या तिघींनी पहाटेपासून ज्वारीचा घाटा शिजवून बिबड्या, म्हणजे पापडच, घातल्या. ऊन नेमकं कुठे सगळ्यात आधी येतं, तर आबांच्या दारापुढे. तिथे जुन्या धोतराच्या पट्ट्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या अंथरून त्यांवर बिबड्यांच्या रांगा लावल्या. आबांना मोरीकडे जायला वाट ठेवायची, हे चौघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

मी पेपर वाचत होतो. एकदम हिची किंकाळी आली, "आबाऽ! बिबड्या!"

बाहेर धावलो. आबा अंगणात, पहिल्या रांगेपाशी. आता हे तोल जाऊन त्या ओल्या बिबड्यांवर पडणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि आबांनी पाय उचलला. बगळ्यासारखा, चांगला वर. रांगेपलीकडे टेकवला. दुसरा उचलला. पुढची रांग. पुन्हा पाय वर. अडकणं नाही, तुरुतुरु नाही, लांब ढांग टाकत हा माणूस रांगांमागून रांगा ओलांडत मोरीच्या दारात जाऊन उभा राहिला. एकही बिबडी मोडली नाही.

तिथे वळले. चेहरा तोच, दगडी. पण आवाज असा फुटला की भिंतीवरचा कावळा उडाला. "चोपडा! हाई तं स्लीपर शेतस!"

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, काहींचं असं होतं खरं, सपाट जमिनीवर पाय अडतो आणि समोर ओलांडायला काही दिसलं की चालतो. गोळ्या चालू ठेवा, आणि मला थोड्या बिबड्या पाठवा.

बिबड्या वर्षभर अंगणात ठेवता येत नाहीत, म्हणून मी चुन्याच्या रेघा मारायला बसलो. माझ्या हाताने मारलेल्या रेघा म्हणजे जामनेरची गाडीच, कुठे इकडे कुठे तिकडे. आबा ओट्यावरून बघत होते. "बठ्ठ्या वाकड्या शेतस. पुसा." पुसल्या. दोरी लावून पुन्हा मारल्या. "अंतर चुकलं. स्लीपर असे टाकले तर गाडी चाळीसगावात नाही, विहिरीत जाईल." पुन्हा पुसल्या. कंबर मोडेपर्यंत मला ओणवं ठेवून त्यांनी काम पास केलं. रोज सकाळी त्या रेघांवरून ते मोरीकडे जाऊ लागले, ढांगा टाकत, कधी हातात हातोडा घेऊन. मी म्हटलं, ताईला फोन करून सांगू. तर म्हणाले, "इन्स्पेक्शनच्या आधी साहेबाला काही सांगायचं नसतं. बघू दे तिला."

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी ताई धुळ्याच्या एस.टी.ने आली. अंधार पडला होता. जेवणं झाली, झोपलो.

आता सासरहून आलेली आमच्याकडची लेक आखाजीच्या सकाळी काय करते? सगळ्यांच्या आधी उठते आणि माहेरचं अंगण सारवते. कुणी सांगावं लागत नाही. मी दात घासत बाहेर आलो, तर ताई शेणाने भरलेल्या हातांनी उभी, आणि सगळं अंगण हिरवंगार, ओलं, तळहातासारखं सपाट. एक रेघ शिल्लक नाही.

माझ्या तोंडातला ब्रश तोंडातच राहिला.

ताई म्हणाली, "किती वर्षांनी एवढं छान सारवलं मी! दादा, अंगणात हा चुना कुणी सांडला होता हो? निघता निघेना."

मी काही सांगणार, तेवढ्यात आबा दारात आले. धुतलेलं धोतर, बटणं सगळी लावलेली. ती लावायला पहाटेपासूनच बसले असणार. त्यांनी अंगणाकडे बघितलं. आणि पाय चिकटले.

ताईने बघितलं. तिने हात पुढे केला नाही, ठरलं होतं म्हणून. पण तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. हळूच म्हणाली, "आबा, राहू द्या. नका."

आबांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, दिसणारच नव्हतं. फक्त ती बोटं जोरजोरात फिरत होती. मी इकडे तिकडे बघतोय, झेंडा कुठे, शिट्टी कुठे, असं वेड्यासारखं.

तेवढ्यात ही बाहेर आली. हातात रांगोळीचा डबा. एका नजरेत तिला सगळं कळलं. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ आबांच्या दारापुढे वाकली आणि चिमटीतून पांढरी रेघ सोडली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एक पाऊल मागे सरली, दुसरी रेघ. मागे सरली, तिसरी.

"वहिनी," ताई म्हणाली, "आज सणाची ही कसली रांगोळी?"

"चोपड्याची," ही म्हणाली, आणि मागे सरत राहिली.

आबांनी पाय उचलला. पहिली रेघ ओलांडली. दुसरी. ही पुढे रेघ टाकत मागे मागे जातेय आणि आबा तिच्यामागून रेघा ओलांडत येतायत, ओल्या सारवणावर त्यांच्या पावलांचे ठसे उमटतायत. मधे एकदा हिच्या चिमटीतली रांगोळी संपली. ती डब्यात हात घालेपर्यंत आबा एका पायावर जवळजवळ तरंगत होते. मग रेघ पडली. पाय टेकला. मोरीचं दार आलं.

आबांनी दाराची चौकट पेराने वाजवली. म्हणाले, "चालेल."

ताई तिथेच, शेणाच्या हातांनी, मटकन खाली बसली. रडत होती की हसत होती हे तिच्याही चेहऱ्यावरून कळेना, बापाचीच लेक. मग आम्ही तिला बिबड्यांपासून सगळी हकिगत सांगितली. ती ऐकत होती आणि आपल्या हातांकडे बघत होती. "म्हणजे मीच पुसलं की हो सगळं!"

आबा परत आले, रेघांवरूनच, आणि उंबऱ्याशी बसले. आखाजीला उंबऱ्यावर पितरांच्या नावाने कुंकवाची बोटं ओढतात. थरथरत्या हाताने त्यांनी वडिलांचं बोट ओढलं, आईचं ओढलं, बायकोचं ओढलं. शेजारी थोडी जागा राहिली. त्या जागेवर बोट ठेवून ताईला म्हणाले, "हाई मनी. पण यंदा नही." मग म्हणाले, "मी धुळ्याले उनू असतू तं आखाजीले तू कोठे येती, माय?"

ताईने पदराने डोळे पुसले, शेण गालाला लागलं, आणि हातपाय धुऊन ती खापराची पुरणपोळी करायला आत गेली. त्या दिवशी आबांनी आमरस इतका सांडला आणि इतका खाल्ला, की सदरा धुवायला काढला तर रंग गेला नाही.

दुखणं काही गेलं नाही. हळूहळू वाढलंच. मावशी दिवसभर राहू लागल्या, पुढे पुढे आबांनी हात धरलेलाही चालवून घेतला. पण अंगणात गवंड्याकडून विटांच्या आडव्या ओळी बसवून घेतल्या, आणि आम्ही ते घर सोडेपर्यंत आबा आपल्याच दारातून आपल्याच पायांनी बाहेर येत होते, आणि दर आखाजीला ताई धुळ्याहून येत होती, विटांच्या ओळींच्या मधलं तेवढं जपून सारवत होती.

त्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ताईला एस.टी.त बसवून आम्ही परत आलो. मी खुर्चीत पसरलो. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात आपलाही थोडा वाटा आहे असं मला वाटायला लागलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. शिवाय बाजारातून भाजी आणायची होती, ती उद्या आणू म्हटलं.

ही उरलेल्या बिबड्या डब्यात भरत होती. तिने त्यातल्या चार काढल्या, माझ्या खुर्चीपासून दारापर्यंत जमिनीवर अंतरा-अंतराने मांडल्या, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बघू या, नॅरो गेजला लागू पडतं का."